चाक काढलेला ट्रक

अण्णा गेल्याची बातमी मला घरून फोन येण्याआधी मोबाईलवर मिळाली, आणि त्या बातमीत मरण सोडलं तर काहीच खरं नव्हतं. कर्नाटकातल्या रामनगरच्या मराठी शाळेत मी चौथीच्या वर्गावर होते. कुणीतरी एका स्थानिक वर्तमानपत्राचं पान पाठवलं होतं. 'रेसर ट्रकचालकाला वेग भोवला' असा मथळा, खाली हेल्मेट काखेत धरून हसणारा अण्णा... दीड महिना झाला. रडून झालं, दिवस झाले, पण त्या मथळ्याचा राग उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ सातेरी, गुंद गावचा. घरी भातशेती होती, पण त्याचा जीव ट्रकमध्ये. अणशीचा घाट तो इतका सावकाश उतरायचा की मागची माणसं हॉर्न वाजवून दमायची. मी एकदा चिडवलं, तर म्हणाला, "बाय, ब्रेकवर पाय ठेवून उतरतो तो डायवर न्हवं. गेरवर उतरायचं. ब्रेक देवासारखा हाय, अडचणीतच हाक मारायची." त्याच्या ट्रकला कधी साधा ओरखडा आलेला मला आठवत नाही.

अशा माणसाला शर्यतीला बोलावणं आलं. ट्रक बनवणाऱ्या एका कंपनीने रोज रस्त्यावर राबणारे ड्रायव्हर निवडून, शिकवून, पगारी शर्यतीत उतरवायचं ठरवलं होतं. अण्णा चाचण्यांत टिकला. घरी येऊन त्याने अंगणात काठीने लांबट अंड्यासारखा ट्रॅक काढला आणि आईला समजावू लागला, की इथून निघायचं, डावीकडेच वळत राहायचं आणि परत इथंच यायचं. आई भात पाखडत होती. म्हणाली, "म्हंजे मळणीच की. बैल बी तेवढंच फिरत्यात, त्यांस्नी कोण टाळ्या देत न्हाई." अण्णा पोट धरून हसला.

शर्यत बघायला मी आणि सुमनवैनी दोघी गेलो होतो. बारा ट्रक एकदम निघाले तेव्हा बाकाखालची जमीन थरथरली. रबर जळल्याचा वास घशात बसला. वैनींनी डोळे मिटून घेतले आणि मला म्हणाल्या, "कुठं हायत ते सांगत ऱ्हावा." मी सांगत राहिले: सातवे... अजून सातवेच. पुढचे सहाजण प्रत्येक वळणाला एकमेकांच्या अंगावर जात होते, ब्रेक दाबत होते, सोडत होते. निम्मी शर्यत झाली तसा त्यांच्या चाकांतून धूर येऊ लागला. अण्णा वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, मग न दचकता वळायचा. ज्यांचे ब्रेक तापले ते एकेक करत वळणावर बाहेर फेकले जाऊ लागले आणि हा आतल्या कडेने पुढे सरकत राहिला. पाचवा, चौथा, शेवटच्या फेरीत दुसरा. पहिल्याला त्याने गाठलं नाही. नंतर मी हळहळले, तर म्हणाला, "गाठला असता गं. पन मधी जागा न्हवती. घुसलो असतो तर दोघंबी गेलो असतो." तो दुसरा आला तो सबुरीने, आणि हे त्या मैदानावर हजर असलेल्या प्रत्येकाने पाहिलं होतं.

रामनगरात त्याचा फलक लागला, हार पडले. हार घालणाऱ्यांपैकीच दोघे त्याच्या तेराव्याला मांडवात बसून कुजबुजत होते, "वेगाचं येडच होतं, कधीतरी हे होणारच." मी चहाचा ट्रे घेऊन मागे उभी होते. ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, "तुम्ही त्याच्यासोबत कधी घाट उतरलाय?" दोघे चपला शोधू लागले.

झालं होतं ते असं. अण्णा खानापूरच्या विटा घेऊन एकटाच निघाला होता. कुळगीजवळ टायर फुटला. त्याने ट्रक कडेला घेतला, जॅक लावला, चाक काढलं. वळणापलीकडून येणाऱ्याला कळावं म्हणून झाडाच्या फांद्या तोडून मागे रस्त्यावर ठेवायला गेला. तिथे पर्यटकांची एक जीप भरधाव आली आणि त्याला उडवून गेली. जीपवाल्याने ठाण्यात सांगितलं, ट्रकच वेगात होता, वळणावर चालक बाहेर फेकला गेला. साहेबांनी विचारलं, कोण होता चालक? कुणीतरी म्हणालं, तो रेसवाला. तेवढ्यावर निकाल लागला.

मी आणि वैनी ठाण्यात गेलो. साहेब कन्नडमध्ये समजावू लागले, की रेसच्या माणसाला सवय जात नसते. मी पंचनामा मागितला. त्यांना वाटलं, मराठी शाळेची बाई, हिला कन्नड काय वाचता येणार. आमच्या भागात दोन्ही लिप्या वाचल्याशिवाय बसचा फलकसुद्धा कळत नाही... मी उभ्यानेच मोठ्याने वाचला. त्यांच्याच हवालदाराने लिहिलं होतं: मागचं डावं चाक काढून बाजूला ठेवलेलं, आसाखाली जॅक, मागे रस्त्यावर तोडलेल्या फांद्या. परक्या माणसासमोर कधी तोंड न उघडणाऱ्या वैनी पुढे आल्या. म्हणाल्या, "साहेब, चाक काढलेला ट्रक कसा पळतो, तेवढं मला दावा."

साहेबांनी कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा वाचला. सही त्यांचीच होती. आठवड्याभरात गुन्हा जीपवाल्यावर नोंदला गेला, खटला आता चालेल. पण त्या वर्तमानपत्राला फोन केला तर तिथला माणूस सौम्यपणे म्हणाला, "ताई, ती बातमी आता जुनी झाली." खोटं छापायला त्यांना एक दुपार पुरली होती, आणि खरं छापायला त्यांच्याकडे बोटभर जागा नव्हती. म्हणून हे मी इथे लिहिते आहे. माझा भाऊ वेगाने मेला नाही. दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून रस्त्यात फांद्या ठेवताना मेला.

गेल्या रविवारी ट्रक ठाण्यातून घरी आला. मी आयुष्यात पहिल्यांदा अण्णाच्या जागेवर चढून बसले. डाव्या बाजूचा आरसा मला चुकलेला वाटला. मागची वाहनं त्यात नीट दिसतच नव्हती, खाली झुकून तो नुसती रस्त्याची कड दाखवत होता. मी तो सरळ करायला पलीकडे सरकू लागले, तर खाली उभ्या वैनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे बाय. त्यांनीच तसा लावलाय. कडंनं चालणारी माणसं दिसावीत म्हणून."

मी परत अण्णाच्या जागेवर बसले. आरशात आमच्या दारचा रस्ता होता, आणि त्याच्या कडेने डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई निवांत चालत येत होती.