दोघं असल्याचा दाखला

राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद आंध्रात आलं. बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. तिकडे जायचं का, असं त्यांना विचारलं गेलं. आईने नक्को म्हणून सांगितलं, आणि आम्ही काचीगुड्यातच राहिलो.

पुढे जुन्या आणि नव्या मुलखातल्या नोकरांची मिळून एक ज्येष्ठता यादी निघाली. तिच्यात बाबांचं नाव होतं, पण कचेरी मच्छलीपट्टणमची. तिथे अगदी बाबांच्याच नावाचे एक तेलुगू कारकून होते. आमचं नाव तेलुगूतही तसंच चालतं. यादी करणाऱ्याने दोघांचा मिळून एक माणूस केला होता. त्याची जन्मतारीख बाबांची होती आणि नोकरीला लागल्याची तारीख त्या गृहस्थांची.

बाबांनी अर्ज केला, सोबत फोटो जोडला. उत्तर आलं की फोटोत एकच इसम दिसतो. आपण दोन असाल तर दोघांनी एकाच वेळी अधिकाऱ्यासमोर हजर राहून तसा दाखला आणावा. आईने ते पत्र बाबांकडून दोनदा वाचून घेतलं आणि प्रवासाची पिशवी काढली.

संक्रांतीच्या सुट्टीत बाबा मलाही घेऊन निघाले. मच्छलीपट्टणम समुद्रकाठी, आणि मी तोवर हुसेनसागर तलावालाच दर्या समजत होते. बेजवाड्याला गाडी बदलून आम्ही पोचलो, तर बाबांच्या पत्राप्रमाणे ते गृहस्थ फलाटावर उभे होते. खांद्यावर उपरणं, हातात छत्री. बाबा शेरवानी आणि रूमी टोपीत. दोघांनी एकमेकांना नावाने नमस्कार केला. स्वतःलाच हाक मारल्यासारखं वाटलं, असं बाबा नंतर म्हणाले.

तिथले अधिकारी गुडघेदुखीवर उपाय म्हणून रोज सकाळी समुद्रात उभे राहत. सुट्टीत कचेरी बंद, म्हणून आम्ही बैलबंडी करून किनाऱ्यावर गेलो. पाणी उथळ होतं. साहेब बरेच आत, कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी हातानेच या म्हणून खुणावलं. बाहेर यायची त्यांची वेळ झाली नव्हती.

बाबांनी शेरवानी उतरवली, त्या गृहस्थांनी सदरा. टोपी, उपरणं, छत्री आणि दोन चष्मे माझ्याजवळ देऊन ते पाण्यात शिरले. थोडं आत गेल्यावर दोन ओल्या पाठी आणि दोन टकलं एवढंच उरलं. त्यातले बाबा कोणते, हे मला ओळखू येईना. मी घाबरून "बाबा!" अशी हाक मारली, तर दोघांनीही वळून पाहिलं.

साहेबांनी आत काय विचारलं ते बाबांनी परतीच्या वाटेवर सांगितलं. यादीत एकच आहे, तर तुमच्यातला तो कोण, असं आधी विचारलं. दोघंही, असं बाबा म्हणाले. मग साहेबांनी प्रत्येकाला अशी एक गोष्ट सांगायला लावली, जी दुसऱ्याला लागू नाही. बाबांनी बराच विचार केला. कारकुनी, एक बायको, एक मुलगी, पित्ताचा त्रास, वरिष्ठांचा धाक, जे सांगावं ते त्या गृहस्थांनाही होतं. शेवटी बाबा म्हणाले, "मला पोहता येत नाही." त्या गृहस्थांनाही येत नव्हतं.

तेवढ्यात मोठी लाट आली आणि बाबांचे पाय सुटले. त्या गृहस्थांनी त्यांचं मनगट पकडून त्यांना उभं केलं.

"ज्याने धरलं तो एक, ज्याला धरलं तो दुसरा," ते तेलुगूत म्हणाले. "इद्दरु." म्हणजे दोघं.

बाहेर येऊन त्यांनी तसा दाखला लिहून दिला. त्या गृहस्थांच्या घरी अंबाडीची चटणी आणि भात जेवून आम्ही निघालो.

गाडीत बाबांनी दाखला घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "मी कोण हे सांगायला मला काही सुचलंच नाही बघ." त्यात दुःख नव्हतं, नवल होतं. मी म्हटलं, "तुम्ही टोपी काढली की आधी तिच्या आत बघता."

"बघतो?" म्हणत त्यांनी टोपी काढली आणि आत पाहिलं. मग मला आणखी काही आठवतं का, असं ते काझीपेठपर्यंत विचारत राहिले. मी दाढी करतानाचं गुणगुणणं सांगितलं, चहा बशीत ओतून आधी वास घेणं सांगितलं. एकेक ऐकून ते मान हलवत, जणू कुणा ओळखीच्या माणसाची खुशाली कळत होती.

चार महिन्यांनी सुधारित यादी आली. तिच्यात तीन जण होते: बाबा, ते गृहस्थ आणि पूर्वीचा तो दोघांचा मिळून झालेला. नवे दोघे वाढवले होते, जुन्याला काढायचा हुकूम कुणी दिला नव्हता. तो दोघांच्याही वर होता. बाबांनी हरकत घेतली, तेव्हा कळवण्यात आलं की संबंधित इसमाने स्वतः येऊन आपण नसल्याचं सांगावं. वर्षभरात त्या तिसऱ्याला बढती मिळाली आणि कर्नूलला नेमणूक झाली. तो हजर झाला नाही म्हणून खुलासा मागवणारं पत्र आमच्या पत्त्यावर आलं.

बाबांना त्याचं वाईट वाटलं. विनाकारण त्याच्या नावाला डाग लागेल, असं ते आईला म्हणाले. त्यांनी त्याच्यासाठी प्रकृतीच्या कारणाने रजेचा अर्ज लिहिला, सहीच्या जागी येऊन थांबले, आणि अर्ज मच्छलीपट्टणमला पाठवून दिला. आठवड्याने तो परत आला. त्या गृहस्थांनी भाषा थोडी सुधारली होती, पित्ताऐवजी गुडघेदुखी घातली होती, पण सही त्यांनीही केली नव्हती.