मेजरसाहेबांनी दिलेलं बिल

मोरेश्वर केळुसकर हा माणूस वाईट नव्हता हो. कापेल आन डेन आयसेल या डच गावात अकरा वर्षं एकाच कंपनीत, एकाच खिडकीशी बसून नोकरी केली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लष्करी अधिकाऱ्यांना दौऱ्यासाठी सरकार कार्ड देतं, त्यावर कुणी भलताच खर्च केला नाही ना, हे तपासायचं त्याचं काम. ते तो चोख करायचा. फक्त सुदर्शन टिपणीसचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखायचं.

दुखणारच! दोघं एकाच वर्षी एनस्खेडेच्या विद्यापीठात शिकायला आले, एकाच स्वयंपाकघरात खिचडी शिजवली. पुढे मोरेश्वर फायली तपासत बसला आणि सुदर्शनने इथलं नागरिकत्व घेऊन थेट सैन्य गाठलं. आता मेजर! मराठी मंडळात आला की बायका खुर्ची पुढे करणार, पोरं डचमधून रणगाड्यांचे प्रश्न विचारणार. घरी मोरेश्वरची बायको मृदुला म्हणणार, "अहो, सुदर्शनभावजींचं पोट बघा, या वयातही सपाट!" आता नवऱ्यासमोर असं बोलतात का कधी?

मोरेश्वर सुदर्शनला एकाच बाबतीत भारी पडायचा. बिल देण्यात. मंडळाचा कार्यक्रम संपला की दहाबारा जण बेस्ट नावाच्या गावातल्या एका भारतीय हॉटेलात जेवायचे. इथले लोक जेवून उठता उठता फोनवरच आपापला हिस्सा चुकता करतात. आपल्याला ते कसं चालेल? आपल्यात "मी देतो", "अरे सोड, मी देतो" अशी झटापट झालीच पाहिजे. त्या झटापटीत मोरेश्वर चार वर्षं जिंकत आला होता. यंदा दिवाळीनंतरच्या शनिवारी मात्र त्याने पाकिटाला हात घालेपर्यंत सुदर्शनने वेटरच्या मशीनवर कार्ड टेकवलंसुद्धा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृदुलानेही वाजवल्या.

तीन आठवड्यांनी ऑफिसात संशयास्पद खर्चांची यादी आली. यादीत नावं नसतात, नुसते कार्डांचे नंबर. सातव्या ओळीत बेस्टचं तेच हॉटेल, तोच शनिवार, चारशे बारा युरो. मोरेश्वरने चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अरे लबाडा!" तो मोठ्याने म्हणाला, तेही मराठीत. शेजारचा योहान दचकून बघायला लागला. सरकारच्या पैशाने मिरवलास होय! मोरेश्वरला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

फाइल उघडताना पहिलाच प्रश्न येतो: या प्रकरणातल्या कुणाशी तुमची ओळख आहे का? 'हो' म्हटलं की फाइल दुसऱ्याकडे जाते. इथे खोटं बोललं तर नोकरी जाते, हे नव्या मंडळींना मोरेश्वरच शिकवायचा. पण हातात आलेला सुदर्शन दुसऱ्याच्या हवाली करायचा? छे! त्याने 'नाही'वर क्लिक केलं. कंपनीच्या नावाने मेजरला खुलासा मागणारं रीतसर पत्र धाडलं, आणि खुलासा यायच्या आधीच शेरा मारून टाकला: जाणूनबुजून गैरवापर, कडक कारवाई व्हावी. आठवडाभर तो शीळ घालत सायकलवरून ऑफिसला गेला. मृदुलाला वाटलं, पगार वाढला.

खुलासा आला तो थेट त्याची वरिष्ठ मार्लेन हिच्याकडे. तिने त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि कागद पुढे सरकवला. सुदर्शनने लिहिलं होतं:

"चूक माझीच आहे. दोन्ही कार्डं एकाच खिशात होती. सोमवारी लक्षात आलं, त्याच दिवशी पैसे भरून युनिटला कळवलं. पावती जोडली आहे. तुम्ही कारण विचारलंत म्हणून सांगतो. माझा एक जुना मित्र आहे. दर वर्षी सगळ्यांचं बिल तो देतो आणि मी बघत राहतो. लोक अडीअडचणीला त्याच्याकडे जातात. माझ्यासोबत फक्त फोटो काढतात. तो घरी जातो तेव्हा कुणीतरी जेवायचं थांबलेलं असतं. मला त्याचा फार हेवा वाटतो. त्या दिवशी काहीही करून त्याच्या आधी पैसे द्यायचे होते, म्हणून हाताला लागलं ते कार्ड पुढे केलं. जेवायला कोण कोण होतं, ती नावं खाली दिली आहेत."

त्यात मोरेश्वर केळुसकर हेही नाव होतं.

"हा तूच ना?" मार्लेनने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "आणि फाइलवर तू ओळख नाही म्हणून लिहिलंस."

नोकरी गेली, हे मोरेश्वरला कळलं. घराचे हप्ते आठवले, मृदुलाला काय सांगायचं ते सुचेना. तरी त्याची नजर काही त्या कागदावरून हलेना. हेवा वाटतो! मेजर टिपणीसला! माझा!

"हो, मीच," तो म्हणाला. मग गप्प बसायचं की नाही? पण त्या बाबाला राहवलं नाही. त्याने कागदावर बोट टेकवलं, छाती थोडी पुढे काढली आणि मार्लेनला म्हणाला, "आणि हा वर लिहिलेला मित्र आहे ना, तोही मीच."