क्योतोची ताटली आणि पोह्यांची हळद

नव्वदच्या दशकात आम्ही कावासाकीत राहत होतो. नवरा, श्रीकांत, सकाळी ऑफिसला गेला की अंधार पडल्यावरच उगवायचा, आणि मला एक वेड लागलं होतं: जुनी फ्रेंच मातीची भांडी. दुधी झिलई आणि तिच्यावर हातानं काढलेली चित्रं. जपान्यांना फ्रान्सचं भारी कौतुक, त्यामुळे रविवारच्या जुन्या बाजारात ती हमखास दिसत. तिथेच मला एक ताटली मिळाली. शुभ्र टोपी घातलेली शेतकरी बाई, हातात फूल, नजर उजवीकडे. अशा ताटल्या जोडीनं असतात आणि दुसरीवर तिचा चिलीमवाला नवरा असतो, असं दुकानदार म्हणाला.

तो नवरा सापडला क्योतोत, मोरितासान नावाच्या वृद्ध विक्रेत्या बाईंकडे. मी पत्र लिहून ती ताटली विकत मागितली, तर त्यांचं उत्तर आलं, ‘आधी तुमची ताटली घेऊन या. कशी ठेवलीय ते बघून ठरवीन.’

इथेच माझं धाबं दणाणलं. हौसेनं मी त्या ताटलीत वर्षभर पोहे वाढले होते. जुन्या झिलईला केसाएवढ्या चिरा असतात, हे मला कुठे ठाऊक? हळद त्यांत मुरली आणि बाईभोवती पिवळं जाळं उमटलं. लिंबू चोळलं, उन्हात ठेवली, थोडी फिकटली इतकंच.

“तिला हळद लागली, आता नवरा बघायला निघालीस,” श्रीकांत म्हणाला.

“आणि त्या नाही म्हणाल्या तर?”

“तर क्योतो बघून ये.”

शाळांच्या सुट्टीत ‘सेइशुन’ तिकीट मिळतं. नाव तारुण्याचं, पण वयाची अट नाही. दिवसभर साध्या गाड्यांनी कितीही फिरा. शिनकानसेन या बुलेट ट्रेनच्या मानानं फार स्वस्त, फक्त चार-पाच वेळा गाडी बदलावी लागते. पहाटे निघाले, ताटली जुन्या सुती साडीत गुंडाळून मांडीवर. आतामीच्या पुढे समुद्र मागे पडला, मग ढगात अर्धा बुडालेला फुजी, मग चहाचे मळे. डब्यात पेंगणारी माणसं, खिडकीतून सरकणारं ऊन. मी कुठून निघाले आणि कुठे चालले, हेही मधूनमधून विसरायला होत होतं. हामामात्सुला फलाटावर उमे, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, घातलेला भाताचा गोळा खाल्ला. शाकाहारी असाल तर ‘उमे’ हा शब्द पाठ करून ठेवा.

पुढच्या गाडीत शेजारी बसलेल्या आजोबांनी गाठोड्याकडे बघून विचारलं, “बाळ आहे का?”

“ताटली आहे,” मी म्हणाले. त्यांनी अगदी गंभीरपणे मान डोलावली आणि आपली पिशवी जरा लांब सरकवली.

क्योतोत साध्या घरगुती लॉजमध्ये मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी बस पकडली. तिथे मागच्या दारानं चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे. मोरितासानचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. त्यांनी आधी चहा दिला, मग लाकडी पेटीतून चिलीमवाला काढला. पांढराशुभ्र, जणू कालच भट्टीतून आलेला. मी साडी सोडली आणि माझी ताटली त्याच्याशेजारी ठेवली. दोघं एकमेकांकडे बघत होते, पण एकाच घरातले वाटत नव्हते. मला रडू यायचंच बाकी होतं.

“हे पिवळं काय?” त्यांनी विचारलं.

“हळद. मी रोज त्यात न्याहारी वाढायची. चूक झाली माझी.”

त्यांनी चिरांवरून बोट फिरवलं. “रोज?”

“रोज.”

“माझी तीस वर्षं पेटीत आहे. कुणी त्यात काही खाल्लं नाही.” मग त्यांनी चिलीमवाला उचलून माझ्या साडीवर ठेवला. “न्या. यातही वाढा. रंग जुळेल हळूहळू.”

परतीचा प्रवास मला नीट आठवत नाही. दोन ताटल्यांचं वजन मांडीवर होतं आणि बाहेर तेच मळे उलटे जात होते.

घरी आल्यावर मात्र माझा हात धजेना. इतकी स्वच्छ वस्तू कशी बिघडवायची? चिलीमवाला कपाटात गेला आणि महिनोन्‌महिने तिथेच राहिला. नव्या वर्षाला मोरितासानचं कार्ड आलं. शुभेच्छांखाली थरथरत्या अक्षरात एकच ओळ होती, ‘पिवळी झाली का?’

मी उत्तर लिहायला बसले, ‘हो, थोडी थोडी.’ लिहिलेलं वाचलं आणि लाज वाटली. मग उठले, पोहे भिजवले, आणि त्या दिवशी हळद जरा जास्तच घातली.