जाईबाईची दाढ

दात बघून वय काढायचं ते बैलाचं, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्या परभणीकडच्या बाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचा जबडा उघडतं आणि मग भावाचं बोलतं. कंपनीतला डॉक्टर बाईचाही जबडा तसाच उघडतो, हे मी मुंबईजवळ दिघ्याला नोकरीसाठी येऊन शिकले.

जाईबाई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला माझ्या शेजारच्या टेबलावर होती. माहेर उलव्याचं, मिठागर आणि मासेमारीवर जगणारं. सासर इथलंच, खाडीकाठचं. सासरची भातशेती कारखान्यात गेली आणि बदल्यात एकाहत्तर साली घरटी एक नोकरी मिळाली. नवरा मारोती वर्षभर आधीच वारलेला, म्हणून ती जाईबाईच्या वाट्याला आली. जन्माचा दाखला? कुठला आलाय! कंपनीच्या डॉक्टरनं ‘आ’ करायला लावलं. पुढचे दात झिजून निम्मे, हिरड्या मिश्रीनं काळ्या. त्यानं लिहून टाकलं, वय पंचेचाळीस. जाईबाईनं अंगठा उठवला. नोकरी हातात आल्यावर आकडा कोण विचारतो!

चौऱ्याऐंशी साली नोटीस आली. अठ्ठावन्न पूर्ण, एकतीस मेपासून घरी बसा. मी वाचून दाखवली तशी ती उसळलीच.

“अठ्ठावन्न? अगं वेनू, माजी सासू मेली तवा अठ्ठावन्नाची नव्हती!”

घरात कमावणारी ती एकटी. पोरगी काशी दहावीला. पगार बंद म्हणजे काशीची शाळाही बंद, हे तिला सांगावं लागत नव्हतं. ती तडक पर्सनल खात्याच्या मधुकर साहेबांपुढे उभी राहिली, आणि मी मागे, कागद वाचायला.

“काशी पंधराची हाय,” ती म्हणाली. “मंजे मी त्रेचाळीसाव्या वर्षी बाळंत झाले का?”

“होतात एखाद्या,” साहेब म्हणाले. “डॉक्टरांनी दात बघून लिहिलंय, बाई.”

“दात सुतानं गेले माजे! पाच वर्षांची असल्यापास्नं बापाची जाळी विनली. सूत दातानं तोडायचं असतं. आमच्यात कात्री कोन घेतं हातात? आमच्या आळीतल्या पोरींचे दात बघा जाऊन, विशीतच बोथट.”

साहेबांनी फाईल मिटली. “मेडिकल पुरावा आणा. तोंडी चालत नाही.”

“शेत घेतलंत तवा माजं वय नाय विचारलंत,” जाईबाई म्हणाली. “आनते पुरावा.”

असा राग आला होता मला त्या माणसाचा! मी रजा टाकली आणि तिला घेऊन मुंबईच्या सरकारी दातांच्या इस्पितळात गेले. तिथं डॉक्टर नंदिनी म्हणून एक बाई होत्या. पोलीस त्यांच्याकडे बेवारस मुडद्यांचे दात वय काढायला पाठवत. त्यांनी पुढचे दात नुसते पाहिले आणि आरसा थेट मागे घातला.

“पुढचे दात कामानं झिजलेत, वयानं नाही. मागचे बघा, धड आहेत. ही एक दाढ मात्र किडलीय, काढावीच लागेल. मूळ शाबूत आहे. उभी कापून अर्धी घासून पातळ केली की कळेल. वय वाढतं तसं मूळ टोकाकडून काचेसारखं आरपार दिसायला लागतं.”

“काढा,” जाईबाई म्हणाली. “दुसरी पायजे तर तीपन काढा.”

डॉक्टर हसल्या. “एक पुरे. तुम्हाला स्वतःला किती वाटतं वय?”

“वर्ष नाय म्हाईत. पन माजा पयला दात पडला ना, खालचा, ते ध्यानात हाय. शेनाच्या गोळीत घालून छपरावर फेकायचा असतो, मंजे नवा चांगला येतो. हात उगारला आन् मुंबईच्या गोदीत स्फोट झाला. खाडीपलीकडं आमचं छप्पर हाललं. गोळी हातातनं पडली, चिखलात गेली. आय मरेपर्यंत बोलायची, दात छपरावर गेला नाय म्हनून असे झाले तुजे.”

डॉक्टरांचा हात थांबला. “पहिला दात सहाव्या वर्षाच्या आसपास पडतो, बाई. आणि तो स्फोट चव्वेचाळीसचा.”

“चौदा एप्रिल,” मी म्हणाले. ती तारीख मी कशी विसरेन? आमच्या वस्तीत जयंतीच्या दिवशी म्हातारे लोक अजून ती गोष्ट सांगतात.

दाढ निघाली. आठवड्यानं अहवाल मिळाला: वय बेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान, अठ्ठावन्न संभवत नाही. उरलेली अर्धी दाढ जाईबाईनं मागून घेतली आणि पदराला बांधली.

मधुकर साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. आतल्या खोलीत वरच्या साहेबांना दाखवून आले. तोंड कडू झालं होतं.

“ठीक आहे. पण रजिस्टरात अंदाज चालत नाही, तारीख लागते.”

“लिवा. चौदा एप्रिल, अडतीस.”

“अगं, ती बाबासाहेबांची तारीख!” मी कुजबुजले.

“मग? त्या दिवशी दुसऱ्या कोनी जन्मायचं नाय, असा कायदा हाय का? लिवा साहेब.”

त्यांनी लिहिलं. मी डोळ्यांनी पाहिलं. जुना आकडा लाल शाईनं खोडला, शेजारी सही केली.

बाहेर आलो तर जेवणाची सुट्टी चालली होती. गेटाजवळ गावातले म्हैस बांधायचे, तिथलं चिमूटभर शेण जाईबाईनं उचललं, पदराची गाठ सोडून त्यात दाढ दाबली, पदर खोचला आणि गोळी कंपनीच्या पत्र्यावर भिरकावली. टण्ण आवाज झाला. वॉचमन दत्तू धावत आला. साहेबही खिडकीत आले.

“काय फेकलंस, बाय?” दत्तूनं विचारलं.

“चाळीस वर्षांपूर्वीचं ऱ्हायलेलं काम,” जाईबाई म्हणाली. मग खिडकीकडे बघून आवाज चढवला. “साहेब, ती गोळी काढू नका. अजून बारा वर्षं हाय मी हितं!”

भोंगा झाला. हात धुऊन ती आत गेली आणि टेबलाला उभी राहिली.