हिरव्या साडीचा होलोग्राम

मॉनिटरवर वैशालीचं नुसतं डोकं आणि दोन हात तरंगत होते. माझ्या मागे खुर्चीत बसलेली खरी वैशाली ओरडली, "अगंबाई! काका, मी कुठे गेले?"

आमच्या हिमायतनगरच्या स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर शूट करतात. मग कीइंग करायचं, म्हणजे सॉफ्टवेअरला सांगायचं, हिरवं दिसेल ते काढून टाक. आणि या बाईसाहेब आल्या डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीत, हातात हिरवा चुडा! शूटिंगच्या गडबडीत कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आमचीही कमाल आहे.

"साडी बदलने बोलो ना जी," बॉस मला म्हणाले.

"नक्को सर!" वैशालीच उसळली. "आमच्या यांना मला हिरव्या साडीतच बघायचंय."

तिचा नवरा मालवाहू जहाजावर. डोहाळजेवणाला येणार होता, ऐनवेळी कंपनीनं रजा नाकारली. आपण त्याच्या तळहातावर उभं राहून बोलतोय, असा होलोग्राम तिला पाठवायचा होता. त्यासाठी त्यानं हाताचा व्हिडिओ धाडला होता. तो पसरलेला रिकामा हात मी पुन्हा पुन्हा बघितला. माझीही लेक लांब असते.

मी सुलतान बाजारातून पडद्यासाठी निळं कापड आणलं. पुन्हा शूट केलं.

"बाळ फार लाथा मारतंय हो," ती कॅमेऱ्यात बघून म्हणाली. "अगदी तुमच्यावर गेलंय." हसली, हातातला चुडा मागे सारला. "लवकर या ना."

आता होलोग्राम. निळसर छटा, बारीक आडव्या रेघा, कडांना चमक, मधूनच चित्र फाटतं तो ग्लिच. आधी चित्र स्वच्छ करायचं आणि मग निगुतीनं बिघडवायचं, असला आमचा धंदा. साडीचा हिरवा रंग मात्र मी वेगळा राखला, निळ्यात बुडू दिला नाही. बॉस खूश. मीही, खोटं कशाला बोलू, जाम खूश.

फाइल जहाजावर पाठवली. तिच्या नवऱ्याचा मेसेज आला. "काका, सुंदर झालंय. पण जहाजावरचं नेट कसं असतं, काय सांगू? अशी रेघारेघांची, तुटत तुटत बोलणारी ती मला रोजच दिसते हो. एकदा धड बघू द्या."

मी सगळे इफेक्ट काढले. मागे चुरगळलेलं कापड दिसत होतं, ते तसंच ठेवून साधी फाइल पाठवली.

त्याचं उत्तर आलं, "आता भेटली."

तेव्हापासून काम घेताना मी आधी विचारतो, बघणारा कुठे आहे? इफेक्टचं नंतर बघू.