पेटी उघडल्यानंतरची चाळणी

संस्थेत त्यांना सगळे चाळणबाई म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. दुर्बिणीच्या चित्रांतून कामाच्या दीर्घिका, म्हणजे दूरदूरच्या आकाशगंगा, निवडून काढणं, हे काम त्या केस पांढरे होईपर्यंत करत आल्या होत्या. कामाचा त्यांना कधी वीट आला नाही. माणसांचा आला.

दूरच्या दीर्घिकासमूहाचं वजन करायचं तर तो तराजूत घालता येत नाही. मग त्याच्याही मागे असलेल्या दीर्घिकांकडे बघायचं. त्यांचा प्रकाश समूहाजवळून येताना वाकतो आणि त्यांचे आकार तीळभर ताणले जातात. एकाच दीर्घिकेकडे बघून काही कळत नाही, ती मुळातच वेडीवाकडी असू शकते. हजारोंची सरासरी काढली की ताण दिसतो, आणि ताणावरून वजन. त्यात समूहातलीच एखादी मागची म्हणून घुसली की दुधात पाणी. तिला ताण नसतो, वजन कमी भरतं. म्हणून चाळणी.

माणसाला हवं तेच दिसतं, हेही या धंद्याला माहीत आहे. त्यामुळे रीत अशी, की मोजलेला ताण आधीच एका गुप्त आकड्याने गुणून ठेवायचा. तो आकडा फक्त वरच्या मजल्यावरच्या गणितज्ञाला माहीत. कुठल्या दीर्घिका घ्यायच्या, चित्राचा कुठला कोपरा सोडायचा, हे सगळं पक्कं झालं की तो येऊन खरं वजन सांगणार. याला पेटी उघडणं म्हणत. पेटी उघडल्यावर कशालाही हात लावायचा नाही.

विभागप्रमुखांनी मात्र पेटी उघडण्याआधीच दोन परिषदांत सांगून टाकलं होतं, की आपला समूह आजवरचा सगळ्यात जड.

ठरल्या दिवशी बैठकीच्या टेबलावर केक होता. गणितज्ञाने फळ्यावर आकडा लिहिला. समूह चांगला धष्टपुष्ट होता, पण पहिला नंबर काही येत नव्हता. केकला कोणी सुरी लावेना.

"तो वरचा डावा कोपरा," प्रमुख म्हणाले, "तिथे ताऱ्याची झळाळी पसरलीय. मला तो पहिल्यापासून खटकत होता."

"मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात, कोपरा झकास आहे," चाळणबाई म्हणाल्या.

"अहो बाई, नजर तयार होत जाते."

"आकडा बघून?"

कोणीतरी खोकलं. कोपरा काढून पुन्हा मोजलं, वजन वाढलं, आणि केक कापला गेला.

चाळणबाईंनी आपली केकची बशी दूर सरकवली. सरळ थाप असती तर एवढी किळस वाटली नसती. ही थाप इस्त्रीचे कपडे घालून आली होती. झळाळी खरोखरच होती, थोडीशी. खालच्या उजव्या कोपऱ्यातही तेवढीच होती, पण तो काढला की वजन उतरायचं, म्हणून तो कोणालाच खटकत नव्हता.

"माझे यजमान कवळ्या करतात," त्या म्हणाल्या. "कवळी बसली नाही तर ते कवळी तासतात. गिऱ्हाइकाचा जबडा नाही."

"बाई, घरचे दात इकडे नका आणू!"

मोठा हशा पिकला. गणितज्ञही हसला, आणि तेच त्यांना झोंबलं. पेटीची राखण त्याची होती.

"दोन्ही आकडे छापा. नाहीतर माझं नाव काढा."

"जशी तुमची इच्छा," प्रमुख म्हणाले, ते इतक्या चटकन, की नावाची धमकी दिल्याची बाईंना स्वतःचीच लाज वाटली.

घरी नवरा प्लॅस्टरचे जबडे पुसत बसला होता. "तुझी नेमणूक त्या प्रमुखाच्याच हातात ना गं?"

"हो."

"मग जरा गप्प बसायचंस."

"गप्प बसायला अख्खी खोली होती की."

शोधनिबंध छापून आला, त्यात बाईंचं नाव नव्हतं. प्रमुखांनी बाहेरच्या पाहुण्यांपुढे भाषण केलं आणि शेवटी हात पसरून म्हणाले, "आमची निवड किती काटेकोर, त्याला एकच नाव पुरे. आमच्या चाळणबाई!" टाळ्या पडल्या. म्हणजे नाव काढलं होतं ते नुसतं यादीतून. भिंतीला चुना फासावा तसं ते आता सगळ्या निकालाला फासलं जात होतं.

बाई उठल्या. लोकांना वाटलं, नमस्कार करताहेत. टाळ्या आणखी वाढल्या. त्या संपेपर्यंत बाई उभ्याच राहिल्या.

"पेटी उघडली तेव्हा आकडा हा नव्हता," त्या म्हणाल्या, आणि होता तो सांगितला. "वरचा कोपरा आकडा बघून काढलाय. मग खालचा का ठेवला, तेही सांगा."

सभेचे अध्यक्ष लगबगीने उठले. "चहा तयार आहे, मंडळी."

"चहा कुठे पळून जातोय?" पाहुण्यांतल्या एक वयस्क प्राध्यापिका जागेवरूनच म्हणाल्या. "आधी उत्तर होऊ द्या."

प्रमुखांनी गणितज्ञाकडे पाहिलं. गणितज्ञाने जमिनीकडे.