धाकटीची पाणमांजरं

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात थोरलीची हयात गेली. बापामागे ब्रश तिनेच हातात घेतला आणि त्यावर धाकट्या बहिणीला कलाशाळेत शिकवलं. गावाला कौतुक मात्र धाकटीचं. तेही तिने सोसलं होतं. मग नदीकाठी पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी नवी वाट झाली, तिच्यात चित्रं बसवायची ठरली, तेव्हा थोरलीने गुपचूप आपलंही एक चित्र पाठवलं. निवड झाली धाकटीची. रंगीत फरशीच्या तुकड्यांची पाणमांजरं वाटेच्या कडेने पळत सुटलेली, मधेच कठड्यावर चढलेली. थोरलीने तोंडभरून कौतुक केलं आणि घरी येऊन उगाच भांडी आदळली.

त्यावर कडी म्हणजे, वाटेवर ‘सायकल हळू’ अशी अक्षरं रंगवायचं काम तिच्याच वाट्याला आलं. धंदा आहे, नाही कसं म्हणणार? गुडघे टेकून अक्षरं ओढताना शेजारची पाणमांजरं आपल्यालाच हसताहेत असं तिला वाटे. लेकरं त्यांच्या पाठीवरून हात फिरवत. तिची अक्षरं मात्र सगळे तुडवून जात.

एका सकाळी तिच्या डोळ्यांदेखत एक सायकलवाला पडला. एक हात आणि दोन्ही डोळे फोनमध्ये. चाक कठड्याला घासलं आणि मनगट मोडलं. त्याने खापर फोडलं चित्रावर. फरशी गुळगुळीत म्हणून घसरलो, म्हणाला. गावभर बोभाटा झाला, नगरपालिका चित्र उखडणार असं कानावर आलं. थोरली गप्प राहिली. त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

मग धाकटी दुकानात आली. रडून डोळे सुजलेले. रंगाचे डबे सरकवून स्टुलावर बसली. आता ही रदबदली करायला सांगणार, असं थोरलीला वाटलं.

“ताई, तुझं चित्र मी पाहिलं होतं,” धाकटी म्हणाली. “निवडीनंतर सगळ्यांची मांडली होती. खाली नाव नव्हतं, पण पाण्याची रेघ तशी दुसरं कुणी ओढत नाही.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू लपवलंस म्हणून.”

थोरलीने ब्रश पुसायला घेतला. “चांगलं होतं?”

धाकटी घुटमळली. “पाणी चांगलं होतं. बाकी माझं सरस होतं.”

राग यायला हवा होता. थोरलीला हायसं वाटलं. चित्रकाराशी बोलावं तसं तिच्याशी आजवर कुणी बोललंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती नगरपालिकेत गेली आणि पाहिलं ते साहेबांना सांगून टाकलं. इतके दिवस गप्प का, असं त्यांनी विचारलं.

“जळत होते,” ती म्हणाली.

साहेबांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं. चित्र उखडण्याचं रद्द झालं.

थोरलीचा मत्सर गेला असं कुणी समजू नये. संध्याकाळी दोघी त्या वाटेने चालतात तेव्हा कुणी चित्र नावाजलं की तिला अजून झोंबतं. मग ती एखाद्या शेपटीच्या वळणात खोट काढते, आणि धाकटी खाली वाकून ती खरंच आहे का ते बघते.